छतावर टाकलेला उजेड

सोमवार, १७ नोव्हेंबर

पोचले एकदाची घाटंजीला! एसटीत मांडीवर दिव्यांचं खोकं, पायाशी कोणाचीतरी मेथीची पिशवी, अन् शेजारची बाई सगळा रस्ता माझ्या खांद्यावर झोपलेली. पण जागा बघितली अन् शीण कुठल्या कुठे पळाला.

मला हे काम देणाऱ्या वामनरावांची कापसाची जिनिंग कधीचीच बंद पडली आहे. तिथलं रुईचं गोदाम आता गावातल्या मुलांसाठी अभ्यासिका होणार, आणि त्यात दिवे मी लावणार. आत शिरले तर बापा बापा, काय छत आहे! सपाट नाहीच. दोन्ही भिंती वर जाऊन एकमेकींकडे वाकतात, बैलबंडीच्या टपासारख्या. इतक्या वर्षांत तिकडे कोणी उजेड टाकलाच नाही, त्यामुळे भर दुपारीही वर काळोख.

वामनरावांचं म्हणणं, कायले एवढा खटाटोप, पीओपी ठोका खालून अन् निळ्या दिव्यांची पट्टी फिरवा, झकास दिसते. मी हातच जोडले. दवाखान्यात तेच, मंगल कार्यालयात तेच, सलूनमध्येही तेच! मी समजावलं की दिवे टांगायचेच नाहीत. भिंत जिथून वाकायला लागते तिथे लपवायचे, उजेड वर सोडायचा, म्हणजे तो छतावरून मऊ होऊन वहीवर उतरतो. डोळ्याला टोचत नाही, सावली पडत नाही. बह्याडच दिसता मॅडम, पार येड्या, म्हणाले, पण करा.

वामनरावांशी ठरल्याप्रमाणे इथली एक जागा माझ्या धाकट्या बहिणीची, पायलची. नागपूरला आमच्या एका खोलीत आईचं शिलाई मशीन अन् भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही. पायल स्पर्धा परीक्षेचा अभ्यास जिन्यात बसून करते. पुढच्या आठवड्यात बुधवारी, संविधान दिनाला उद्घाटन आहे. ती त्याच दिवशी येणार, इथे माझ्याच खोलीवर राहणार. हे काम मला बिघडू द्यायचं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

एका बाजूच्या दिव्यांच्या पट्ट्या लागल्या. बटण दाबलं अन् अर्धं छत उजळलं. पिवळसर, थोडं गुलाबी. मी तर टाळ्याच वाजवल्या.

मग किडे आले. येणारच, कापूस वेचणीचे दिवस आहेत. झाडझुडीला येणाऱ्या रामीबाईंनी कागदाला तेल लावून तो टांगला, अन् तासाभरात कागद दिसेनासा झाला, नुसते चिकटलेले पंख वळवळताना दिसत होते. शी! मी लहानपणापासून किळसखोर. वरणात केस निघाला तर दोन दिवस जेवत नाही, आई म्हणते हिला सासरचे परत पाठवतील. रामीबाई पोट धरून हसल्या, पण त्याही तो कागद चिमटीतच धरून बाहेर घेऊन गेल्या.

गुरुवार, २० नोव्हेंबर

दोन्ही बाजू लागल्या. छत सुंदर दिसतं, पण खाली बघवत नाही. फरशीवर अळ्या. बोंडात निघते तीच गुलाबी बोंडअळी, पण सरकीच्या दाण्याएवढी नाही, माझ्या करंगळीएवढी. चपलेखाली आली की पिचकते अन् आंबलेल्या सरकीचा वास सुटतो. रामीबाईंनी घमेलं भरून नेलं, परत आल्या तर तेवढ्याच पुन्हा. एक माझ्या मानेवर पडली. ओली होती. गरमही होती. मी नळाखाली मान रगडली, साल निघेपर्यंत रगडली, तरी ती जागा अजून बुळबुळीत लागते.

संध्याकाळी जेवले नाही. ताटातला भातही अळ्यांसारखाच दिसला ना.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज शिडी लावून वर गेले. म्हटलं अळ्या येतात कुठून ते बघू, औषध मारू, विषय संपवू.

तो गिलावा नाही. जो मी उजळला, ज्याला टाळ्या वाजवल्या, तो चुना नाहीच. रुई, जाळं अन् लाळ, थरावर थर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी बोट लावलं. भिजलेल्या गादीत शिरावं तसं पेरापर्यंत आत गेलं. आतून कोणीतरी ते चोखलं.

खाली उतरून भडाभडा ओकले. बोट साबणाने धुतलं, मग फिनाइलने धुतलं. अन् एक गोष्ट लिहायलाच हवी. दिवे बंद होते तोवर ते निपचित होतं. लावले की ते सगळं हळूहळू दिव्यांकडे सरकतं. माझ्या दिव्यांकडे. मीच उठवलं त्याला.

रविवार, २३ नोव्हेंबर

रामीबाई सकाळी आत झाडायला गेल्या. बराच वेळ झाडूचा आवाज नाही म्हणून बघायला गेले. मधोमध उभ्या होत्या. मान वर, तोंड उघडं. वरून एक अळी सुटली अन् सरळ तोंडात. थुंकतील म्हणून मी वाट बघत राहिले.

गिळली त्यांनी. चावून गिळली.

मी ओरडले, असं काहून करून राह्यल्या, थुंका आधी! त्या माझ्याकडे वळल्या. हनुवटीवर गुलाबी लाळ. गोड लागते बाई, म्हणाल्या. अन् पुन्हा मान वर.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पायलला मेसेज केला: येऊ नको. कारण विचारू नको. जिन्यात बस, रस्त्यावर बस, पण इथे नको.

वामनरावांना सगळं सांगितलं. ते हसले, बघतो म्हणाले, आत गेले. मी दाराबाहेरच थांबले. ते आले ते ओठ पुसत. पीओपी नको मॅडम, म्हणाले, असंच राहू द्या, झकास आहे. दातात काहीतरी हलत होतं. शी, शी, शी—

सामान बांधलं होतं. एसटी समोर उभी होती. पण परवा गावातली सगळी लेकरं त्या छताखाली बसणार, अन् दिवे माझे. बटणांचा बोर्ड आतच, पार पलीकडच्या भिंतीला. उद्या जाते, मेन स्विच पाडते, वायरी उपटते, मगच निघते.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

तोंडाला ओढणी घट्ट बांधून गेले. डोळे फरशीवर. वर बघायचं नाही, एवढंच—

सकाळी गेले होते. आता दिवेलागण झाली आहे. मधलं काही आठवत नाही. दिवे चालूच आहेत. ओढणी गळ्यात, गाठ सुटलेली, ओलीचिंब. दातांत काहीतरी मऊ अडकलं आहे. बोट घालून काढलं— गुलाबी—

ओकायचा प्रयत्न केला. ओकारी येत नाही. का येत नाही?

फोन बघितला. माझ्याच फोनवरून पायलला मेसेज गेला आहे. सगळं ठीक आहे, ये, पहिल्या गाडीने ये. दुपारचा. मी नाही लिहिला. तिचं उत्तर आहे, नाचणाऱ्या बाहुलीचं चित्र.

फोन लावला. ती हॅलो म्हणाली अन् मला सांगायचं होतं, येऊ नको, पण जीभ— मी म्हणाले, छत फार सुंदर झालंय.

बुधवार, २६ नोव्हेंबर

उगाच घाबरले होते.

लेकरं आली. ओळीने बसली, सगळ्यांच्या माना वर. किती शांत. वहीवर सावली पडत नाही. भूक—

पायल आली. दारातच नाकाला दुपट्टा लावला, म्हणाली, ताई, कसला घाण वास गं, मला मळमळतंय, आपण घरी जाऊ. किळसखोर आहे, माझ्यासारखीच. रडायला लागली. हात धरून आत आणली. समजावलं, पहिल्यांदा सगळ्यांनाच होतं, थोडा वेळ वर बघ फक्त. ओठ घट्ट मिटून घेतले वेडीने. मी तिची हनुवटी धरली, लहानपणी औषध पाजताना धरायचे तशी, अन् अंगठ्याने हळूच ओठ उघडले.