बंद तोंडाचे दिवस

३ मार्च, सोमवार

बोलायचं नाही! एक शब्दही नाही. घशाच्या डॉक्टरने नळी घालून बघितलं आणि म्हणाला, "आजी, तोंड बंद ठेवा. शनिवारचं गाणं तर विसराच. गायलात तर आवाज जाईल तो कायमचा." मग मी लोकांना शिव्या घालू कुठे? म्हणून ही वही. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, शिव्यांना पुरतं.

नात म्हणाली, "घर किती शांत वाटतंय ना, आजी!" चप्पल फेकून मारली. नेम अजून शाबूत आहे.

४ मार्च

शनिवारी माझ्या गाण्याला पन्नास वर्षं झाल्याचा कार्यक्रम. तिकिटं संपलीत. माझे कार्यक्रम मुलगीच ठरवते. तिने तोडगा काढलाय — जुनी रेकॉर्ड लावायची, बँडने हळू साथ द्यायची, मी नुसते ओठ हलवायचे. "आई, कुणाला कळणार नाही. हट्ट करू नकोस."

हट्ट! अगं, हट्टावरच तर तुला वाढवली.

पन्नास वर्षांपूर्वी हॉटेलात भांडी घासत होते. तिथल्या बँडच्या गाणाऱ्या बाईचा घसा बसला, मला पुढे ढकललं. कागदावरचे शब्द भराभर वाचता येईनात, मग तोंडाला आलं ते गायले. डूबा-डी, रापा-टी! पेपरात आलं, जॅझमध्ये नवी वाट. कसली वाट — अब्रू वाचवत होते. पण चटक लागली. त्यानंतर एक गाणं दोनदा सारखं गायले असेन तर शपथ. रेकॉर्ड कंपनीचा साहेब पाया पडायचा बाकी होता, "बाई, रेकॉर्डवर आहे तसंच गा हो." नाही गायले. काढून टाकलं मला. गेले उडत!

६ मार्च

तालीम. रेकॉर्डवर तरुण मी गातेय, इथे म्हातारी मी तोंड वासतेय. माशासारखी.

पहिलं कडवं निभावलं. मग ओठांनी दगा दिला. रेकॉर्डवरची बया वर चढली, माझे ओठ खाली उतरले, थांबले, भलतीकडेच वळले. त्यांना कुणाचं ऐकायची सवयच नाही! आणि खांब — माझा बासवाला, वाद्याइतकाच उंच, अर्धा जन्म माझ्या शेजारी उभा — तो माझ्या ओठांकडे बघूनच वाजवतो. तो निघाला माझ्या ओठांमागे, ड्रमवाला त्याच्यामागे. रेकॉर्ड एकीकडे, बँड भलतीकडे!

मुलगी ओरडली, "काका, रेकॉर्ड ऐका ना!"

खांब म्हणाला, "त्या बाईला मी ओळखत नाही. मी हिच्याबरोबर वाजवतो."

घरी येताना मुलगी रडली. "तुझा आवाज गेला तर मला हाक कोण मारणार?"

उत्तर द्यायचं होतं. तोंड बंद.

८ मार्च, शनिवार

निघाले. रेकॉर्ड माझ्या गादीखाली आहे. शोधा आता!

९ मार्च

गायले!

वरचे सूर नव्हतेच, ते खांबाला देऊन टाकले. उरलं काय — घोगरेपणा, श्वास, जिभेची टकटक. त्याचंच गाणं केलं. पुढच्या रांगेतला एक जण तोंड वाकडं करून उठला. त्याच्या बुटांचा ठेका धरला आणि गात गात त्याला दारापर्यंत सोडलं. हॉल हसून लोळला.

शेवटच्या गाण्यात घशात काहीतरी तुटलं. कळलं मला. खांबालाही कळलं. त्याने भुवई उडवली — थांबायचं? मी बोटाने दाखवलं — अजून एक फेरी. फाटक्या आवाजात घेतली.

पडद्याआड मुलगी उभी होती. कंबरेवर हात ठेवून. माझीच आहे ती.

२ एप्रिल

डॉक्टर म्हणाला, आवाज परत येणार नाही. नुसती फुंकर उरलीय.

दुपारी खांब बास घेऊन दारात. तारा जुळवल्या. मी ओठ हलवले, त्याने वाजवलं. दुसऱ्याच ओळीला चुकला, गाढव! ताटावर चमचा आपटला.

मुलगी आतून धावत आली. "काय गं आई, हाक मारलीस?"

मान हलवली. मारली.

मग खांबाकडे बोट — पुन्हा.