अठराव्या शतकातली सवत

३ जुलै, गुरुवार
नवरा दुसऱ्या बाईत गुंतलाय. बाई मरून दोनशेच्या वर वर्षं झाली, त्यामुळे जाऊन भांडायचीही सोय नाही. रिटायर झाल्यावर श्रीयुतांना कुठल्याशा नवाबी घरातल्या चित्रांत सापडली. चित्रकार होती. सहीत नाव नाही, नुसतं 'अमक्याची मुलगी'. जेवताना म्हणाले, "बिचारी! जनान्याबाहेरचं काही काढूच दिलं नाही गं तिला." डोळ्यांत पाणी. मला वाटलं, सालन तिखट झालं.

६ जुलै, रवि.
मुलीचा कुकटपल्लीहून फोन. "आई, नक्को ना जळू. मेलीये ती, यार!"
जळतंय कोण? पेपरात इतकी वर्षं सदर लिहितेय, ह्यांच्यापेक्षा रद्दीवाल्याने जास्त वाचलं असेल. तिची मात्र एकेक भुवई भिंगाखाली.

११ जुलै, शुक्र.
श्रीयुतांना तिच्यावर पुस्तक काढायचंय, तेही मराठीत. श्रीयुत शिकले तेलुगूत, नोकरी इंग्रजीत. मराठी अंबरपेठच्या भाजीपुरती. "जरा भाषा बघशील?" बघितली. सगळं नव्याने लिहायला घेतलं.
पुरुष चित्रकारांना बेगमा दिसायच्याच नाहीत, सगळ्यांना एकच चंद्रमुख चिकटवायचे. हिला दिसायच्या. एकीला दुहेरी हनुवटी काढलीय, एकीला झोप न झालेले डोळे. म्हणूनच चित्रं बाहेर न्यायला बंदी. खरं काढायचं आणि झाकून ठेवायचं...
मेली हुशार होती. जळफळाट दुप्पट.

१९ जुलै, शनि.
मी लिहिलेली तिन्ही प्रकरणं वाचून श्रीयुत गदगदले. "जिवंत झाली गं ती!" ती. मी नव्हे.
मग पहिली पानं दाखवली. लेखक : स्वतः. आभारांत तळाशी, 'सौ.ने भाषा तपासली.'
"अहो, माझं नाव?"
"सगळ्यांना माहितीये की, सौ. म्हणजे तू."
'अमक्याची मुलगी' म्हणजे कोण, हे तिच्या मोहल्ल्यातही सगळ्यांना माहीत असणारच.

२० जुलै, रवि.
सांगून टाकलं : कव्हरवर दोन नावं, नाहीतर माझी प्रकरणं परत. श्रीयुत म्हणाले, "लोक मला विचारतील, मग तू काय केलंस?"
प्रश्न चांगला आहे.

२१ जुलै, सोम.
जामबागचा हॉल प्रकाशनासाठी ठरलाय. पुस्तकाची फाइल माझ्याकडे, प्रेसला पाठवायची. श्रीयुत सकाळपासून पेपर उलटा-सुलटा करतायत.
प्रकरणं काढून घेतली तर पुस्तक ह्यांच्या मराठीत निघणार आणि बाई दुसऱ्यांदा मरणार. दिली तर मी नुसती 'सौ.'च. श्रीयुत दोन्हीकडून लेखकच.
प्रेसचा फोन वाजतोय.