खराडीच्या सरुबाई, लिस्बनची ट्राम आणि एक पेरू

येरवडा, पुणे
कार्तिक संपत आला

ती. दादास,

नंदाचा नमस्कार. साष्टांग लिहायला हात शिवशिवत होते, पण गुडघ्यांची सध्याची परिस्थिती बघता ते खोटं ठरेल, तेव्हा उभ्याने केलेला गोड मानून घे. तुझी तब्येत कशी आहे? पर्वती चालू आहे ना? खोकल्याचं औषध संपवलंस की बाटलीवरची तारीख उलटायची वाट बघतोयस? एकाच गावात राहून पत्र कसलं लिहितेस, असं म्हणशील. फोनवर सांगायचं, तर तू कानातलं यंत्र टेबलाच्या खणात ठेवतोस, आणि मी ओरडून सांगितलेलं तुझ्याआधी इथल्या तुरुंगातल्या कैद्यांना ऐकू जाईल. समक्ष यावं, तर येरवड्याहून कोथरूडला पोहोचेपर्यंत सांगायचं काय होतं तेच माणूस विसरतं. म्हणून पत्र. शांतपणे वाच आणि मधेच चष्मा काढून सुस्कारे सोडू नकोस.

तर आम्ही तिघी लिस्बनला जाऊन सुखरूप परत आलो. तिघी म्हणजे मी, हुस्नबानू (आमच्या शाळेत गणित शिकवायची ती, तुझ्या साठीला शीरखुर्मा घेऊन आली होती आणि तू दोनदा मागून घेतला होतास) आणि खराडीच्या सरुबाई. सरुबाई तुला माहीत नाहीत. आमची ओळख गुडघ्यांच्या दवाखान्यात झाली. त्यांच्या ज्वारीच्या रानात आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, पण सरुबाई अजूनही त्या इमारतींना ‘वरलं वावर’ आणि ‘खाललं वावर’ म्हणतात. हुस्नबानूची लेक आलिया लिस्बनला कंपनीत नोकरी करते. ती आईला कधीपासून बोलावत होती. आईला एकटीने जायचं नव्हतं. तिच्या यजमानांनी, मुनव्वरभाईंनी, दुकान कोण बघणार म्हणून हात वर केले. मग हुस्नबानूने मला दवाखान्यातच गाठून विचारलं आणि मी विचार करते म्हणेपर्यंत शेजारच्या खाटेवर शेक घेत पडलेल्या सरुबाई म्हणाल्या, “म्या बी येते. गेनबाला इमानाचं भ्याव वाटतं, मला न्हाई.” (गेनबा म्हणजे त्यांचे यजमान. त्या नावाने हाक मारतात. आवडलं मला.)

निघायच्या दिवशी सरुबाईंचा रणजित सोडायला आला. धिप्पाड माणूस, बिल्डर आहे, पण डोळ्यांत पाणी. मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाई, आईला मराठीबिगर कायबी येत न्हाई. तिचा हात सोडू नका.” मी म्हटलं, रणजित, चाळीस पोरांची सहल सिंहगडावर नेऊन परत आणलेली बाई आहे मी. हे वाक्य मी तेव्हा बोलायला नको होतं.

आता गावाविषयी. लिस्बन हे समुद्राकाठी टेकड्यांवर वसलेलं आहे असं सगळे सांगतात, पण वसलंय म्हणण्यापेक्षा टेकड्यांना धरून लटकलंय म्हणावं. मोबाईलमधला नकाशा सांगतो, किल्ला हा इथेच, दहा मिनिटांवर. नकाशा सपाट असतो, दादा. ही गोष्ट मी तीस वर्षं भूगोल शिकवूनही विसरले होते. निघालो तर गल्ली संपली आणि जिना लागला, जिना संपला आणि चढ लागला, चढ संपला तिथे एक आजोबा खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली आणि वर बोट केलं. वर आणखी जिना. तुझ्या पर्वतीला निदान पायऱ्या कुठे संपतात ते खालून दिसतं. शिवाय इथले रस्ते बारीक पांढऱ्या दगडांचे, पायांनी घासून घासून आरशासारखे गुळगुळीत. सरुबाई हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, ठसठशीत कुंकू आणि पायात नातवाचे धावायचे बूट अशा तयारीने सगळ्यांच्या पुढे. मी मधे. हुस्नबानू मागे, दर चार पावलांनी फोटोच्या निमित्ताने दम खात.

किल्ल्यावरून खाली अफाट पाणी दिसलं. मी सरुबाईंना म्हटलं, बघा, हा अटलांटिक महासागर. हुस्नबानू म्हणाली, ती नदी आहे. मी म्हटलं, गणिताच्या बाईंनी भूगोलात लक्ष घालू नये. बराच वेळ वाद झाला. संध्याकाळी आलियाने सांगितलं की ती नदीच, समुद्र पुढे आहे. (हुस्नबानू नुसती हसली. मला त्याचा जास्त राग आला.)

उतरताना मी ठरवलं की आता पायी नाही, ट्रामने. तिथल्या ट्राम पिवळ्या, जुन्या, एका डब्याच्या असतात आणि भिंतींना चाटून वळतात. थांब्यावर ही गर्दी. खिसेकापू फार असतात असं आलियाने बजावलेलं, म्हणून सरुबाईंचा मोबाईल, पासपोर्ट, कुठे राहतो त्याची चिठ्ठी असं सगळं मी माझ्या पिशवीत सुरक्षित ठेवलं होतं. ट्राम आली. मी शाळेच्या सवयीने सरुबाईंना पाठीमागून ढकलून आधी चढवलं आणि वळून बघते तो हुस्नबानू नाही. ती पलीकडे भिंतीवरच्या निळ्या फरशांचा फोटो काढत होती, मुनव्वरभाईंना तसल्या फरशा न्हाणीघरात हव्या होत्या म्हणून. मी तिला हाक मारायला दोन पावलं मागे आले आणि ट्रामचं दार लागलं. खिडकीत सरुबाई दिसल्या. त्यांनी शांतपणे हात हलवला, जसा गावजेवणाला निघालेलं माणूस घरच्यांना हलवतं तसा, आणि ट्राम वळणावर दिसेनाशी झाली.

दादा, आता थट्टा सोडून सांगते. परक्या देशात ती बाई, जवळ मोबाईल नाही, कागद नाही, भाषा नाही, आणि ह्या तिन्ही गोष्टींपैकी दोन माझ्या खांद्याला लटकलेल्या. हुस्नबानूने आलियाला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती, दबक्या आवाजात म्हणाली, “अम्मी, आहात तिथेच थांबा, मी निघतेय.” आम्ही अर्थातच थांबलो नाही. पुढच्या ट्राममध्ये घुसलो. मी ड्रायव्हरला इंग्रजीत सगळी हकिकत सांगितली, त्याने खांदे उडवले. मग मी मराठीत सांगितली, तेव्हा त्याने निदान घंटा वाजवली. प्रत्येक थांब्यावर मी डाव्या बाजूला आणि हुस्नबानू उजव्या बाजूला हिरवं लुगडं शोधत होतो. हुस्नबानूचे ओठ हलत होते. मला रणजित दिसत होता. त्याला काय सांगणार होते मी? तुझी आई मी स्वतः ढकलून घालवली?

शेवटचा थांबा आला. सगळे उतरले. समोर मोठं फाटक, आत उंच काळपट झाडं आणि ओळीने संगमरवरी घरं. मला वाटलं, काय सुरेख वसाहत आहे. ती स्मशानभूमी होती. (तिच्या नावाचा अर्थ ‘सुखं’ असा होतो, हे आलियाने नंतर सांगितलं. तेव्हा सांगितलं असतं तर मी तिथेच राहिले असते.) थांब्याच्या बाकावर कोणी नाही. फाटकातल्या रखवालदाराला मी सरुबाई करून दाखवल्या: डोक्यावर ओढणी घेतली, कपाळावर बोटाने कुंकू काढलं, बूट दाखवले आणि ठसक्यात चार पावलं चालले. तो पोट धरून हसला आणि त्याने कोपऱ्यावरच्या एका छोट्याशा खानावळीकडे हात केला.

आत गेलो तर सरुबाई बूट काढून, खुर्चीवर मांडी घालून कोबी चिरत बसलेल्या! शेजारी खानावळीच्या मालकीणबाई, एर्मेलिंडा त्यांचं नाव, आपल्या वयाच्या, गालावर तीळ, हसऱ्या. दोघींच्या गप्पा चाललेल्या. त्या पोर्तुगीजमध्ये, ह्या खराडीच्या मराठीत. मी इतकी भडकले की आधी सरुबाईंना ओरडले, उतरायचं कशाला, ट्राममध्ये बसून राहायचं नाही का, आणि ओरडता ओरडता खुर्चीवर बसून रडायलाच लागले. साठी उलटल्यावर परक्यांच्या खानावळीत हमसून रडण्यासारखं दुसरं काही नाही; सगळे कामं सोडून बघतात. एर्मेलिंडाबाईंनी कॉफी आणून ठेवली. सरुबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “अवो बाई, रूळ हाय की त्या गाडीला. ती कुठं रानात जानार हाय व्हय? तुमी मागनं येनारच. मंग म्हटलं, बसून तरी काय करायचं.”

मग कळलं ते असं. सरुबाई शेवटच्या थांब्यावर उतरल्या. भूक लागलेली, पण गुरुवार, उपास. खानावळ दिसली, आत शिरल्या. मालकीणबाईंनी काहीतरी विचारलं, सरुबाईंनी पाव दिसला म्हणून “पाव नगं” म्हटलं. पाव हा शब्द त्या बाईंना समजला! पाव आपल्याकडे त्यांच्याच लोकांनी आणलेला ना. मग टोपलीकडे बोट करून सरुबाई “बटाटा” म्हणाल्या, तोही समजला. कोबीही जवळपास समजला. चावी, साबण, अननस, घमेलं, जे सुचेल ते म्हणत गेल्या आणि त्या बाई टाळ्या वाजवत गेल्या. सरुबाईंना वाटलं, लोकं चांगली हायेत, भाषा आपलीच हाय, जरा नाकात बोलत्यात येवढंच. त्या विश्वासावर त्यांनी उपासाला चालेल असं फळ मागितलं: पेरू.

आता पोर्तुगीजमध्ये पेरू म्हणजे टर्की. तो मोठा कोंबडा. एर्मेलिंडाबाईंनी अगत्याने लोण्यात परतलेला भलामोठा तुकडा वर लिंबू ठेवून आणला. सरुबाईंनी ही थाळी दुसऱ्या कोणाची तरी असेल असं समजून तिच्यावर दुसरी थाळी पालथी घातली आणि माशा बसू नयेत म्हणून राखत बसल्या. पेरू येईपर्यंत रिकामं कशाला राहायचं, म्हणून कोबी ओढून घेतला. (त्यांच्या सुरीवर मात्र नापसंती. “इळी न्हाई ह्येंच्याकडं. येवढं गाव आन इळी न्हाई.”) आम्ही पोहोचलो तेव्हा मालकीणबाईंनी थाळी उघडून आमच्यापुढे सरकवली. मी शाकाहारी, हुस्नबानूला हलाल नाही म्हणून चालत नाही, सरुबाईंचा गुरुवार. एका पेरूभोवती आम्ही तिघी, आणि खाणारी एकही नाही. एर्मेलिंडाबाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, आपलं काही चुकलं. मी खुणा करत होते, हुस्नबानू इंग्रजी बोलत होती, सरुबाई “लई ग्वाड हाय, पर नगं” म्हणत होत्या, आणि तेवढ्यात हुस्नबानूने फोनवर कळवलेल्या पत्त्यावर आलिया टॅक्सीतून उतरून रागाने लाल होऊन आत आली. तिने आधी आईला झापलं, मग मला झापायचं होतं पण मी रडलेली दिसले, म्हणून राहिलं. मग तिने सगळा उलगडा करून सांगितला तेव्हा एर्मेलिंडाबाई इतक्या हसल्या की त्यांचे यजमान आतून बाहेर आले, त्यांनी विषय समजून घेतला आणि टर्की घेऊन पुन्हा आत गेले. सरुबाईंना उकडलेले बटाटे मीठ लावून मिळाले, आम्हाला पाव आणि कोबीचं सूप, आमच्यापुरतं वेगळं, बिनमांसाचं. निघताना सरुबाईंनी आपल्या पिशवीतली कुंकवाची डबी काढून एर्मेलिंडाबाईंना कुंकू लावलं. त्यांनी तीळ असलेला गाल सरुबाईंच्या गालाला टेकवला. एकमेकींचा निरोप घ्यायला दोघींना बराच वेळ लागला. भाषा एक नसली की वेळ लागतोच.

पुढचे दिवस बरे गेले. आम्ही रोज त्याच खानावळीत जेवलो, त्यामुळे लिस्बनमधलं बाकी बघण्यासारखं बरंच राहून गेलं. समुद्रही बघितला, खराखुरा. सरुबाईंनी पाणी चाखून खात्री करून घेतली.

बाकी सर्व क्षेम. तुझ्या तेजसला आणि सोनालीला आशीर्वाद. हिंजवडीच्या गर्दीतून ती पोरं रविवारी तरी तुझ्याकडे येतात का? औषध घे.

तुझी,
नंदा

ता. क. पत्र टाकण्याआधी दोघींना वाचून दाखवलं. सरुबाईंचं म्हणणं, हरवल्या त्या नव्हेत. त्या सांगितल्याप्रमाणे ट्राममध्ये बसल्या आणि ट्राम जिथे जाते तिथे पोहोचल्या. ट्राम चुकली ती आमची. हुस्नबानूने त्यांच्या बाजूने मत दिलं. रणजितला यातलं काही माहीत नाही, त्याची गाठ पडलीच तर हवामानावर बोल.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण राहिलंच. एर्मेलिंडाबाई आणि त्यांचे यजमान संक्रांतीच्या सुमारास पुण्यात येत आहेत. सरुबाईंनी बोलावलं. खराडीच्या घरात सध्या रणजितने फरशा उखडल्यात, हुस्नबानूकडे लग्नघर आहे, आणि माझ्या एका खोलीत मीच तिरकी झोपते. तुझ्या दोन खोल्या तेजस हिंजवडीला राहायला गेल्यापासून बंद आहेत. तेव्हा मी तुझा पत्ता दिला. तू आनंदाने हो म्हणालास असंही कळवलं. सोनाली येऊन पडदे लावून जाणार आहे.

ता. क. तिसरा. येताना त्या आपल्या हाताने निवडलेला खारवलेला सुका मासा आणणार आहेत, खास तुझ्यासाठी, चांगला हातभर. तो आधी दोन दिवस पाण्यात भिजत घालावा लागतो म्हणे आणि वास जिन्यापर्यंत येतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी जेवायला बोलावून ठेवलं आहे. मेनू सांगितलेला नाही.