यंत्राचा हात

तीर्थरूप आप्पांना लांबूनच वाकून नमस्कार.

ग्रँडमास्टर विरुद्ध कॉम्प्युटर हा बुद्धिबळाचा सामना सुरू झाला, काळजी नसावी. पंखे बनवणारे शेठ अखेर पैसे द्यायला तयार झाले. पण कॉम्प्युटरला हात नसतात. पडद्यावर उमटलेली त्याची चाल पटावर खेळायला समोर कुणीतरी बसावं लागतं. त्यासाठी माणूस ठेवायला पैसे उरले नाहीत, म्हणून आयोजकच बसला. म्हणजे मी!

काल ग्रँडमास्टरांनी वजिराकडे हात नेला. तो वजीर हलला की डाव गेलाच, हे मलासुद्धा दिसत होतं. आणि आप्पा, माझ्या तोंडून निघून गेलं, "नक्की?"

त्यांनी हात मागे घेतला. एकच गोंधळ झाला. कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिणारे ओरडले, "आमच्या खुर्चीत बसून त्यांना सांगता?" डाव रद्द झाला. शेठ उरलेले पैसे देतात का, ते सोमवारी कळेल. माझं जेवण मात्र वेळेवर होतंय.

काय करू? ओट्याजवळच्या त्या डुगडुगत्या स्टुलावर पट मांडून तुम्हीच शिकवलंत. मी घोड्याकडे हात नेला की चहाचा कप तोंडाशी थांबवून विचारायचात, "नक्की?" चाल बरोबर असली तरी विचारायचात, लबाड कुठले! कॉम्प्युटर कुणालाच तसं विचारत नाही.

आई गुडघ्याला तेल लावते ना? ताईचा फोन आला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही परत पुढे ढकललंत म्हणे. "मला सगळं स्वच्छ दिसतंय," म्हणालात.

आप्पा, नक्की?

तुमचा,
धाकटा