विहीर सोडून घर

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. शिव्या मात्र उघड्या डोळ्यांनीही ऐकू येतात. त्यातल्या सगळ्यात जास्त त्या दलालाच्या वाट्याला गेल्या. आज त्याच्याबद्दलच लिहायला बसले आहे.

घर पाहावं बांधून म्हणतात. तुम्ही ते परमुलखात जाऊन पाहिलंत, आणि तेही माझ्यापायी. नवऱ्यानं तापल्या उलथण्यानं माझी पाठ डागली, मी माहेरी पळून आले, आणि सासऱ्यानं नगरच्या कोर्टात दावा लावला की आमची सून आम्हाला द्या. आठ दिवसांवर तारीख. वकिलाकडून आलात, पटका खुंटीला टांगलात आणि म्हणालात, "मोगलाईत जाऊ. तिथं ह्यांच्या कोर्टाचा कागद चालत न्हाई." पाथर्डीकडच्या आपल्या गावाहून शिरूर कासार बैलगाडीनं एका दिवसाची वाट, पण नाका ओलांडला की राज्य निजामाचं. भाकरी थापता थापता आईनं एवढंच विचारलं, "तिथं आपलं कोन हाय?" तुम्ही तिच्यावर खेकसलात.

शिरूरला घर दाखवणारा दलाल बारीक अंगाचा, पानानं ओठ रंगलेला, पायाला भिंगरी लावल्यासारखा. "आबासायब, भिंती बघा! दगूड हाय दगूड. कावून घाबरता?" तुम्ही भिंतीवर मुठी आपटताय, तुळईला लोंबकळून बघताय, आणि मी अंगणात उभी राहून हसते आहे. पाठ डागल्यापासून मी पहिल्यांदा हसले ते त्या अंगणात. परसात बांधीव विहीर होती, पाणी हाताला लागेल इतकं वर. तुम्ही तिच्यात डोकावलात, मान डोलावलीत. आपल्या गावात घरामागची विहीर घराचीच असते, मग विचारायचं काय? उर्दूतल्या बैनाम्यावर, म्हणजे खरेदीखतावर, तुम्ही सही केलीत आणि तारखेच्या आदल्या दिवशी आपण राहायला आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई घागर घेऊन गेली तर घर विकणाऱ्याची चुलती विहिरीच्या तोंडाशी बसलेली. "घर इकलंय, बाई. हीर न्हाई इकली. हीर भावकीची हाय." तुम्ही पाटलाकडं गेलात, भावकीपुढं हात जोडलेत, आयुष्यात कधी न जोडलेले. "तिकडल्या मान्साला न्हाई," एवढंच उत्तर. गावातल्या बाकीच्या विहिरीही कुणा ना कुणाच्या भावकीच्याच. आगीतून उठून फुफाट्यात पडलो. राहिली सिंदफणा, आणि उन्हाळ्यात तिच्या वाळूत उकरलेला झिरा. त्याच झिऱ्यावर गुरं, त्याच झिऱ्यावर आपण. आईनं मला एकदाही घागर उचलू दिली नाही. "तू पाठीला जप," म्हणायची.

पटकीच्या जुलाबांनी आई एका दिवसात गेली. पाणी पाणी करत गेली आबा, आणि भिंतीपलीकडं विहिरीचा रहाट कुरकुरत होता. तो आवाज ऐकून तुम्ही भिंतीवर डोकं आपटून घेतलंत. मला त्या विहिरीत उडी टाकावीशी वाटली, तर तीही आपली नव्हती.

तेराव्यानंतरच्या बाजारात तुम्ही दलालाला गचांडी धरून खाली पाडलंत. पायातली वहाण काढलीत. "आधी सांगितलं कावून न्हाई बे? माजी बायको खाल्लीस!" माणसं गोळा झाली, कुणी सोडवलं नाही. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "चुकलं मालक." त्यानंतर त्याच्याकडून कुणी साधा गोठासुद्धा घेईना. बायकापोरं घेऊन तो घाटनांदूरकडं निघून गेला.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही. त्यानं सांगितलं होतं, आबा. घर बघायला आलो त्या दिवशी तुम्ही बैलांना पाण्यावर नेलं होतंत. त्याला दुसरीकडं जायची घाई होती, म्हणून मला म्हणाला, "बाई, आबासायबांना सांगा. इकडं हिरीचा हिस्सा येगळा लिवून घ्यावा लागतो. घरवाल्याच्या थोरल्या भावाचा अंगठा लागतो, आन् त्यो परभनीला गेलाय. म्हैन्यानं येईल. तवर थांबा म्हनावं." महिना! तारीख आठ दिवसांवर आणि महिना! मी मूग गिळून बसले. सहीच्या दिवशी तुम्ही घाई केलीत, तेव्हा त्याला वाटलं असणार की तुम्ही परभारे भावकीशी बोललात. बाजारात त्यानं माझं नाव का घेतलं नाही, ते मला आजही कळत नाही. घेतलं असतं तर मी त्यालाच खोटं पाडलं असतं, हे मात्र मला ठाऊक आहे.

तुम्ही मला एकदाच विचारलंत. शेवटच्या आजारात, मी पेज भरवत असताना. "त्या दलालानं तुला काई सांगितलं व्हतं का गं?" इतक्या वर्षांनी तुमच्या मनात ते कुठून आलं, कोण जाणे. तोवर माझा नवरा मेला होता, सासरा मेला होता, मला ओढून न्यायला कुणी म्हणता कुणी उरलं नव्हतं. खरं बोलले असते तर माझं काहीही वाकडं झालं नसतं. मी चमचा तुमच्या तोंडाशी धरला आणि म्हणाले, "न्हाई आबा."