तो निबंध तिचाच होता

बाई, शाळेत सगळे तुम्हाला मॅडम म्हणायचे, मीही म्हणायचे, पण दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या तुमच्या क्वार्टरमध्ये पाऊल टाकलं की माझ्या तोंडून बाईच यायचं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. आज लिहितेय ते नुसती आठवण आली म्हणून नाही. माझ्या हातून एक गोष्ट घडलीय, ती मला निस्तरता येत नाहीये, आणि ती ऐकवावी असं दुसरं कुणी मला सुचत नाही.

मी आता नोएडाच्या एका शाळेत अकरावी-बारावीला इंग्रजी साहित्य शिकवते. तुम्ही शिकवायचात तेच: गोष्ट वाचायची, कविता वाचायची, आणि आपल्याला काय दिसलं ते पुराव्यानिशी लिहायचं. अकरावीतला तो रविवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी माझा पहिला मोठा निबंध घेऊन तुमच्या स्वयंपाकघरात उभी आहे. तुमचे हात ज्वारीच्या पिठाने भरलेले, म्हणून तुम्ही म्हणता, "वाच मोठ्याने." मी वाचते. "कवी मानवी जीवनाचं विदारक सत्य मांडतो." तुम्ही विचारता, "कशावरून?" मी पुढचं वाक्य वाचते. "कशावरून? कुठल्या ओळीवरून? बोट ठेव." मला बोट ठेवता येत नाही, कारण सगळं गाइडमधून उचललेलं असतं. तव्यावरची भाकरी करपते तरी तुम्ही हलत नाही. "आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी सांगितलं म्हणून काय काय मानलं, ठाऊक आहे ना? नागपूरहून इथवर आलो ते परत तेच करायला का? ऐकलं म्हणून मानायचं नाही. बघायचं, मग मानायचं." मी रडले. तुम्ही समजूत घातली नाहीत, करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतलीत, चांगली मला वाढलीत, आणि जेवण झाल्यावर निबंध पहिल्यापासून लिहायला बसवलंत.

बारावीच्या निकालानंतर तुम्ही मला शिसपेन्सिलींचा एक डबा दिलात. पुस्तकात खुणा करायच्या त्या पेन्सिलीने कर म्हणालात, आपलं मत उद्या चुकीचं निघालं तर खोडता आलं पाहिजे. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगायचे. मुलं हसायची. यंदा सांगितली नाही.

गेल्या वर्षी माझ्या बारावीच्या वर्गात एक मुलगी होती, मागच्या बाकावरची, वर्गात सहसा तोंड न उघडणारी. ज्याचे मार्क बोर्डाला जातात त्या निबंधासाठी तिने एका म्हाताऱ्याची गोष्ट निवडली. त्याची बायको गोष्टीच्या सुरुवातीलाच जाते, पण तो आपल्याबद्दल सांगताना 'आम्ही' असंच म्हणत राहतो. आम्ही चहा घेतो, आम्ही दार लावतो. तो पहिल्यांदा 'मी' कुठे म्हणतो ते एक वाक्य तिने शोधून काढलं होतं, आणि बायको खरी मरते ती त्या वाक्यात, असं लिहिलं होतं. मी निबंध शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. हा मजकूर बहुधा मशीनने लिहिलेला आहे, असं उत्तर आलं. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"मॅम, मैंने ही लिखा है," ती म्हणाली.

"तो क्लास में कभी ऐसा क्यों नहीं बोलती?"

"बोलते हुए मैं सोच नहीं पाती, मॅम."

मी तिला एकदाही विचारलं नाही की हे वाक्य तुला कसं सापडलं, पुस्तक उघड, बोट ठेव. तिने ठेवलं असतं. मी रिपोर्टवर सही केली. तिला शून्य मिळालं, वर 'स्वतःचं लिखाण नाही' असा शेरा. दोन आठवड्यांत ती माझ्या तासाला यायचीच थांबली.

मग महिन्याभराने तिची आई शाळेत आली. हातात एक वही. "मॅडम, ये छह हफ्ते यही करती रही. आप बस एक बार देख लीजिए." वहीत त्याच निबंधाचे नऊ खर्डे होते. पहिला बाळबोध, दुसरा त्याहून थोडा बरा. एका पानावर तिने गोष्टीतला प्रत्येक 'आम्ही' उतरवून काढला होता, पान क्रमांकासकट. मी उभ्यानेच वाचत राहिले, आणि तिची आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी त्याच दिवशी प्रिन्सिपलकडे गेले. त्या म्हणाल्या, "मार्क्स बोर्ड को जा चुके हैं. अब छोड़िए ना, बच्चे भूल जाते हैं." मी माझ्या नावाने बोर्डाला लिहिलं की चूक माझी आहे. आता बदल शक्य नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. शेवटी तिच्या घरी गेले. तिने पाणी आणून दिलं. मी तिच्या आईसमोर हात जोडून तिची माफी मागितली. "कोई बात नहीं, मॅम," ती इतक्या सहज म्हणाली की तिने ओरडायला हवं होतं असं मला वाटलं. मी विचारलं, हल्ली काय वाचतेस? "अब नहीं पढ़ती. पढ़ते-पढ़ते कुछ अच्छा सूझता है तो डर लगता है कि कोई पूछेगा, कहाँ से लाई."

बाई, आता मी काय करू? मार्क बदलत नाहीत ते एक वेळ सोडा. पण तिला काही सुचलं की भीती वाटते, आणि ती भीती मी घातली. रोज सकाळी वर्गात उभी राहते, कुणीतरी काहीतरी बोलतं, 'कशावरून' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत येतो आणि तिथेच अडकतो. नोकरी सोडावी म्हटलं तर त्याने तिला काय मिळणार? तुम्ही असतात तर बोलला असतात, घरातून घालवून दिलं असतंत, तेही चाललं असतं. कुणी काही बोलतच नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी प्रिन्सिपलना सांगितली नाही आणि त्या मुलीच्या घरीही माझ्या तोंडून निघाली नाही. म्हाताऱ्याची ती कथा मी अकरा वर्षं शिकवतेय, आणि ते वाक्य मला कधीच दिसलं नव्हतं. तिचा निबंध वाचताना माझ्या मनात आधी संशय आला नव्हता, बाई. आधी हेवा वाटला.