चुन्याचा टिपका

बाबा, तुमची ती लाल गाडी मी उघडली. जिवंत होतात तोवर तुम्ही कुणाला तिच्यावरच्या ताडपत्रीला हात लावू दिला नाही. आता तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे विचारायचं कुणाला? पुसदच्या गॅरेजमधून टेम्पोत घालून ती उमरखेडला माझ्या अंगणात आणली. दर रविवारी नवरा, मी आणि लेक तिच्यामागे लागतो. इंजिन जुनंच ठेवलंय, पण ब्रेक नवे, डिस्कचे बसवतोय. तुम्हाला आवडलं नसतं. तुम्हाला काय आवडेल याची मी पुष्कळ वर्षं काळजी केली, आता सोडली.

तेव्हाही आपण सगळे तिच्यामागे होतो. घाटंजीकडच्या एका मालगुजाराच्या गोदामात, कापसाच्या गाठींमागे पडलेली, दोनच सीटची, लांब नाकाची गाडी. मी एकोणीस वर्षांची, भाऊ सतराचा. आई सीटची कव्हरं शिवते आहे, भाऊ पत्रा घासतो आहे आणि मी तुमच्या शेजारी गाडीखाली उताणी. तुमचा नियम एकच: ज्यानं नट कसला त्यानं त्यावर आपली खूण करायची. माझी लाल नेलपॉलिशची, तुमची चुन्याची. तंबाखू मळताना बोटाला चुना लागलेलाच असायचा, म्हणून तुम्ही आधी सगळ्या नटांना टिपके देऊन घ्यायचात आणि मग पाना उचलायचात. आधी कसा, मग खूण करा, असं मी एकदा म्हटलं, तर बापाला शिकवू नको म्हणून हसलात. त्याच दिवशी तुमचा दहा-अकराचा पाना मला कायमचा दिलात. मला वाटलं, गॅरेज मिळालं.

पहिल्याच फेरीला घाटाच्या उतारावर ब्रेक गेले. तुम्हाला खरचटलंसुद्धा नाही. शेजारी बसलेल्या भावाचा डावा पाय चेपला, तो आजही फरफटत चालतो. गॅरेजसमोर चार गिऱ्हाईकं उभी असताना तुम्ही म्हणालात, "पोरीच्या हाती पाना देल्ला, हेच माह्यं चुकलं." आणि पाना काढून घेतलात. माझंच राहिलं असेल, असं मी म्हणाले. मी ते खरंच मानलं, बाबा. त्याच वर्षी तुम्ही उरकलेलं लग्न मी शिक्षा समजून केलं. माहेरी आले की भाऊ पाय ओढत पाटावर बसायचा, आणि मी भरलं ताट सोडून उठायचे.

मागच्या महिन्यात जुने ब्रेक काढताना पुढच्या उजव्या चाकाजवळचा ब्रेकच्या तेलाच्या पाइपचा जोड नुसत्या बोटानं फिरला. काळा मळ पुसला, तर नटावर चुना. मी भावाला बोलावून घेतलं, दाखवलं. तो रडेल, तुम्हाला शिव्या घालेल, असं वाटलं होतं. त्यानं आधी चहा संपवला.

"मले माईत होतं, ताई," तो म्हणाला. "बाबानं दवाखान्यातच सांगतलं. म्हणे, तिचं काय, ते सासरी जाईन. गॅरेजचं नाव गेलं तर आपण खाऊ काय?"

मग त्यानं आणखी एक बिस्कीट घेतलं. त्याच्या पायाची दया त्या दिवशी संपली, आणि तुमची तर मला किळस आली. तुमच्या फोटोचा हार काढला आणि फोटो जुन्या पार्टांच्या खोक्यात टाकला. तो तिथंच आहे, गंजक्या वायसरांखाली. आईही आता नाही म्हणून बरं, कुणी विचारलं नाही. हे पत्रही त्याच खोक्यात जाणार आहे.

खरं तर मला इथंच थांबायचं होतं. पण परवा नव्या ब्रेकमध्ये तेल भरलं आणि एका जोडातून गळायला लागलं. नवरा वाकून पाहायला आला, तसं मी खाली बघण्याआधीच लेकीचं नाव घेतलं. नियम आमच्याकडेही तोच आहे, तिची खूण निळी, माझी अजून लालच. तिनं हात पुसले आणि म्हणाली, "माह्यंच राह्यलं असन, आई."

नट लाल होता. तुम्ही निदान तुमचा टिपका पुसला नव्हता, बाबा. मी माझा, नवरा उजेडासाठी बॅटरी आणायला आत गेला तेवढ्यात, नखानं खरवडून काढला. लेकीला अजून सांगितलेलं नाही.